फीत उसवली तरी

बेळगावच्या कॅम्पात माझं शिलाईचं दुकान आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं हयातभर हाताखालून वर्दीचंच कापड गेलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याआधी माझी नजर बाहीवर जाते.

गेल्या थंडीत एक बाई जुना लोकरी कोट घेऊन आल्या. ''काका, काखेत उसवलाय, जरा बघा. आजोबांचा आहे. लढाईला गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक.''

कोट उजेडात धरला. बाहीवर काही नव्हतं, पण दोन ठिकाणी कापड कमी विटलेलं होतं, इंग्रजी व्हीसारखं, टोक खाली. कडेनं सुईची भोकं. खालच्या व्हीपाशी आणखी एक ओळ होती, जुनी आणि जराशी तिरकी. म्हणजे आधी एकच फीत होती. मग ती काढून दोन लावलेल्या. ''आजोबा लान्स नायक होते, पुढं नायक झाले,'' मी म्हटलं. बाई बघतच राहिल्या.

हिशेब सोपा आहे. एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. त्यानंतर हुद्दा बाहीवरून खांद्यावर चढतो. नायब सुभेदाराला, म्हणजे पूर्वीच्या जमादाराला, एक तारा, सुभेदाराला दोन. तारे लेफ्टनंटलाही दोनच, पण सुभेदाराच्या ताऱ्यांसोबत लाल-पिवळी-लाल पट्टी असते. ती विसरली, तर शिंप्यानं बसल्या जागी सुभेदाराचा लेफ्टनंट केला! मेजरच्या खांद्यावर इंग्रजांच्या काळी मुकुट असे. २६ जानेवारी १९५० पासून तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले.

पण फीत म्हणजे नुसता मान नव्हे. त्या लढाईच्या काळी दोन फिती म्हणजे एक सेक्शन, साधारण दहा माणसं. त्यांचं जेवण झालं का इथपासून ती जिवंत परततील का इथपर्यंत सगळं नायकाच्या डोक्यावर. माणगावकडचे यशवंत घाडगे असेच दोन फितींचे नायक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे सगळे जवान पडले, कुणी ठार तर कुणी जखमी. ज्याला हुकूम सोडावा असं मागं कुणी उरलं नव्हतं. ते एकटेच धावले. ग्रेनेडनं मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

आणि बाही मोकळी असली म्हणजे माणूस लहान, असंही नाही. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव साधे शिपाई, कंपनीचे निरोपे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्याच सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग मशीनगनची तीन ठाणी उडवली, बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढं बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला. हवालदारकीच्या तीन फिती पुढं आल्या.

बाहीवरून हाताखाली किती माणसं ते कळतं. माणूस कुठं कुठं जाऊन आला ते छाती सांगते. या कोटाच्या खिशावर तीन रिबिनी शाबूत होत्या. गडद निळा, लाल, फिका निळा हा १९३९-४५ स्टार: आरमार, भूदल, हवाई दल. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा आणि दोन्हीकडं निळ्या रेघा, तो आफ्रिका स्टार. तिसरी लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, इटलीच्या झेंड्याचे रंग.

''इटली?'' बाई रिबिनीवरून बोट फिरवत म्हणाल्या. ''घरी कधी बोलले नाहीत हो. शेतावर थंडीत हाच कोट असायचा. शेवटी फिती स्वतःच काढल्या म्हणे.''

''शेतात हुकूम कुणाला सोडणार?''

त्या हसल्या. मग म्हणाल्या, ''नव्या दोन लावून देता का?''

''नको, ताई. त्यांनी काढल्यात.''

काख शिवून दिली. लोकरीवर वाफ मारली की सुईची भोकं बुजतात, म्हणून बाह्यांवर इस्त्री फिरवली नाही.