सुटा बाथटब : शोभा मोठी, हिशेब त्याहून मोठा

सॅनिटरी वेअरच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरले की आजकाल दर्शनी भागातच एक पांढराशुभ्र बाथटब मांडलेला दिसतो. त्याला भिंतीचा आधार नसतो, चारी बाजूंनी तो मोकळा उभा असतो. व्यापारात त्याला फ्रीस्टँडिंग टब म्हणतात. आपण त्याला सुटा टब म्हणू. मोठ्या हॉटेलांतला हा माल आता रिसॉर्ट, बंगले आणि ऐसपैस फ्लॅट यांत येऊ लागला आहे. नळकाम, फरशीकाम, बांधकामाचे ठेके, हार्डवेअर आणि भंगार या धंद्यांत आपली पुष्कळ माणसे आहेत. गिऱ्हाईक उद्या हा टब मागायला आले तर काय सांगायचे, हे त्यांना ठाऊक असावे म्हणून या मालाचा इतिहास आणि हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

सुटा टब ही केवळ विलायती कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही. आग्र्याच्या किल्ल्यात ‘हौज-ए-जहांगिरी’ नावाचा दगडी हौद आजही पाहावयास मिळतो. सन १६११ च्या सुमारास तो घडविला गेला. एकाच दगडातून कोरलेला हा हौद सुमारे ५ फूट उंच असून त्याचा व्यास ८ फूट आहे. चढण्या-उतरण्यासाठी त्याला पायऱ्या आहेत आणि अंगावर फारसी लेख आहे. बादशहाच्या स्नानाचे हे भांडे कोणत्याही भिंतीला टेकलेले नव्हते. मात्र ती बादशाही चैन होती. मोगल काळातील स्नानाची खरी रीत हमामखान्याची. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमाम त्याची साक्ष देतो. आपल्या सामान्य घरांत तांब्याचा बंब आणि घंगाळ असे. घंगाळातून तांब्याने पाणी घ्यावयाचे आणि अंगावर ओतावयाचे. युरोपात मात्र माणूस भांड्यातच बसू लागला. येथेच दोन रीती वेगळ्या झाल्या.

एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील बहुतेक घरांत न्हाणीघर नव्हते. पत्र्याचा हलका टब शेगडीपुढे आणून ठेवायचा, बादल्यांनी गरम पाणी ओतायचे आणि अंघोळ झाली की टब उचलून ठेवायचा. कामगारांच्या घरी तो खिळ्याला टांगलेला असे. म्हणजे टब सुटा होता तो शोभेसाठी नव्हे. ऊब जेथे असेल तेथे टब न्यावा लागे, म्हणून तो सुटा होता. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन यांनी वाहते पाणी गॅसवर तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडच्या उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. आपल्या घरोघरी रूढ झालेला हा शब्द तेथून आला. नळाने पाणी आले, यंत्राने ते तापले, तेव्हा टबाची भटकंती संपली आणि त्याला कायमची जागा मिळाली.

आता पत्र्याऐवजी टिकाऊ टब हवा होता. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, मजबूत खरे, पण ते गंजते. त्यावर उपाय निघाला तो काचेच्या मुलाम्याचा. तापून लाल झालेल्या बिडाच्या भांड्यावर काचेची विशिष्ट पूड पसरली की ती वितळून लोखंडाला घट्ट धरते. यालाच इनॅमल म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शेतीची अवजारे बनविणारे जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ साली जनावरांच्या कामाच्या बिडाच्या डोणीला हा मुलामा दिला आणि चार पाय लावून ती बाथटब म्हणून विकली. पहिला टब एका शेतकऱ्याला एक गाय आणि चौदा कोंबड्यांच्या बदल्यात दिला, अशी त्या कंपनीत कथा सांगतात. याच धंद्यातील दुसरे नाव डेट्रॉइटच्या डेव्हिड डनबार ब्युइक यांचे. बिडाच्या टबांना इनॅमल देण्याच्या पद्धतीत त्यांनी सुधारणा केली, चांगला पैसा कमावला, आणि शतक संपता संपता हा व्यवसाय विकून मोटारी बनविण्यास सुरुवात केली. ‘ब्युइक’ गाडी त्यांच्याच नावाची. परंतु पैशाचा हिशेब त्यांना जमला नाही आणि १९२९ साली ते गरिबीत वारले. हुन्नर एक आणि हिशेब दुसरा, हे व्यापाऱ्याने यातून घ्यावे.

त्या काळच्या टबांना पक्ष्याच्या पंज्यासारखे पाय असत. ते दिसायला छान, पण खालची जमीन पुसणे अवघड. रोगजंतूंचे ज्ञान पसरले तशी स्वच्छतेची ओढ वाढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भिंतीला बसविण्याचे, पुढून पूर्ण झाकलेले अखंड टब बाजारात आले. त्यांना जागा कमी लागे आणि खाली घाण साचत नसे. पायांचे टब मागे पडले. पुढे ॲक्रिलिकचे हलके टब आले. तापविलेला ॲक्रिलिकचा पत्रा साच्यावर ओढून घेतात आणि मागून फायबरग्लासचा थर देतात. हव्या त्या आकाराचा टब स्वस्तात होऊ लागला. सुट्या टबाचे आजचे पुनरागमन झाले ते मुख्यतः यामुळे.

टबाच्या इतिहासाच्या नावाखाली काही भाकडकथाही चालतात. अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी २८ डिसेंबर १९१७ रोजी एका दैनिकात बाथटबाचा सपशेल बनावट इतिहास गंमत म्हणून लिहिला. पुढे १९२६ साली त्यांनी स्वतःच तो खोटा असल्याचे सांगितले, तरीही लोक तो खरा मानून सांगतच राहिले. तेव्हा माहितीपत्रकातील इतिहासावर माल विकू नये. माल विकावा तो मापावर.

पहिले माप वजनाचे. बिडाचा साधारण टब दीडशे किलोच्या आसपास असतो. त्यात २०० लिटर पाणी, म्हणजे २०० किलो. वर बसणारा माणूस ७० किलोचा धरला तर एकूण ४२० किलो झाले. टबाची जागा सव्वा चौरस मीटर धरली तर दर चौरस मीटरला भार सव्वातीनशे किलोंच्या पुढे जातो. निवासी इमारतीच्या स्नानगृहासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला आहे. तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, म्हणून टब ठेवताच स्लॅब कोसळेल असे नाही. पण पायांच्या टबात सारा भार चार बिंदूंवर येतो. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय बिडाचा टब चढवूच नये. ॲक्रिलिकचा टब ४०-५० किलोंचा असतो. तो सोयीचा, मात्र पाण्याचे वजन त्यातही तेवढेच.

दुसरे माप गरम पाण्याचे. २५ अंशांचे २०० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. गीझरचे पाणी ६० अंशांचे धरले तर त्यातले ८५ लिटर तरी हवे. आपल्या घरांत गीझर असतो १५ किंवा २५ लिटरचा. टब अर्धा भरेपर्यंत नळाला गार पाणी येऊ लागते. गिऱ्हाइकाने लाखभर रुपये मोजले आणि पहिल्याच दिवशी ही फजिती झाली, तर ते दोष दुकानदाराला देणार. गीझरची गोष्ट टबाच्या आधी बोलावी.

तिसरे माप निचऱ्याचे. सुट्या टबाची वेस्ट लाइन जमिनीतून जाते आणि नळही पुष्कळदा जमिनीतून वर येतो. म्हणून जागा ठरवायची ती फरशी बसविण्याआधी. सनकन स्लॅबमध्ये कोबा भरून वॉटरप्रूफिंग झाल्यावर पुन्हा फोडाफोडी केली की खालच्या मजल्यावर गळती आणि सोसायटीत भांडण ठरलेले. टब काठोकाठ भरून सांडला तरी पाणी वाहून जाईल, असा उतार नहाणी ट्रॅपकडे हवा. भोवती हात आणि फडके फिरेल एवढी जागा सोडावी. टबाचा काठ ओलांडायला उंच असतो आणि धरायला जवळ भिंत नसते. घरात वृद्ध माणसे असतील तर ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे.

चौथे माप पाण्याचे, आणि ते सर्वांत मोठे. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. एक भरलेला टब त्याहून जास्त पाणी घेतो. बादलीची अंघोळ वीस लिटरमध्ये होते. शिवाय टबात बसून उठल्यावर अंगावर वाहते पाणी घेतल्याशिवाय आपल्याकडे कोणाला अंघोळ झाल्यासारखे वाटत नाही. ते पाणी वेगळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. ज्या राज्याने ‘जलदूत’ गाडी पाहिली, तेथे टब विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला पाण्याचे साधन विचारावे, यात कमीपणा नाही.

भंगाराच्या व्यापाऱ्यांनाही एक सूचना. जुने बंगले पाडताना बिडाचे टब निघतात. ते हातोड्याने फोडून किलोवर विकण्याआधी मुलामा पाहावा. इनॅमल शाबूत असेल तर असा टब भंगाराच्या कितीतरी पट किमतीला जाऊ शकतो. मात्र जुन्या मुलाम्यात शिसे असू शकते. तो घासताना धूळ उडू देऊ नये, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि मुलांना त्या कामाला जवळ येऊ देऊ नये.

सुट्या टबाचे आकर्षण काही खोटे नाही. दमलेल्या माणसाला कोमट पाण्यात पडून राहण्याचे सुख हवेसे वाटते, आणि सुंदर वस्तू घरात असावी ही इच्छाही गैर नाही. ज्याच्याकडे जागा, मजबूत स्लॅब आणि पाणी आहे, त्याने तो जरूर घ्यावा. पण टब एकदाच विकला जातो. सल्ला, जोडणी, वॉटरप्रूफिंग आणि दुरुस्ती यांचे काम वर्षानुवर्षे चालते. ज्याने गिऱ्हाइकाला विक्रीआधी वजन, गीझर, निचरा आणि पाणी हे चार हिशेब करून दाखविले, त्याच्याच दुकानाची पायरी ते गिऱ्हाईक पुन्हा चढेल. हिशेब जमत नसेल तर “तुमच्या घरी हा टब नको, चांगला शॉवर बसवा” असे सांगण्याची हिंमतही आपल्या दुकानदारांत असावी, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी गल्ल्यात थोडे कमी पडेल, पण विश्वास जमा होईल, आणि धंदा त्यावरच उभा राहतो.