रक्ताला आपलं-परकं कळतं!

रक्तगट विचारला की आपण ‘बी पॉझिटिव्ह’, ‘ओ निगेटिव्ह’ असं पटकन सांगून टाकतो. ही एवढीशी ओळख हाती यावी म्हणून एका माणसाने आयुष्यभर परीक्षानळ्यांकडे डोळे लावले. त्या माणसाचं नाव कार्ल लँडस्टायनर. या ऑस्ट्रियन डॉक्टरांच्या कामातल्या या काही चकित करणाऱ्या गोष्टी!

शोध दडला होता तळटिपेत
निरोगी माणसाच्या रक्तद्रवात दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी मिसळल्या, तर पुष्कळदा त्यांचे पुंजके होतात. १९०० साली लँडस्टायनर यांनी ही नोंद केली, तीही शोधनिबंधाच्या तळटिपेत! हे जंतूंमुळे होतं की माणसामाणसांतल्या जन्मजात फरकामुळे, हा प्रश्नही त्यांनी तिथेच मांडला.

रक्त स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं
उत्तर शोधायला त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी मिसळून पाहिलं. १९०१ साली तीन गट जाहीर झाले: ए, बी आणि सी. हो, आजचा ‘ओ’ तेव्हा ‘सी’ होता! विरळा ‘एबी’ पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

दिवसाची नोकरी वेगळीच
रक्तगट शोधणारा हा संशोधक व्हिएन्नात शवविच्छेदनं करत होता. दहा वर्षांत त्यांनी सुमारे ३,६०० शवविच्छेदनं केली आणि त्याच काळात ७५ च्या आसपास शोधनिबंधही लिहिले.

थंडी बाधली की लघवी लाल
काही रुग्णांना थंडी बाधली की लघवी लालसर-काळी व्हायची. १९०४ मध्ये लँडस्टायनर आणि युलियस डोनाथ यांनी त्याचं कारण शोधलं. रुग्णाच्या शरीरानेच तयार केलेलं प्रतिद्रव्य थंडीत तांबड्या पेशींना चिकटायचं आणि ऊब मिळताच त्या पेशी फुटायच्या. म्हणून परीक्षानळीतलं रक्त आधी बर्फात ठेवायचं, मग अंगाइतकं कोमट करायचं. पेशी फुटल्या, की निदान पक्कं! या चाचणीला आजही दोघांचं नाव आहे. राखण करणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, म्हणजे कुंपणच शेत खातं, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

मध्येच पोलिओचाही छडा
पोलिओ हा विषाणूंचा आजार असल्याचं १९०८ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासह दाखवून दिलं, तेही लँडस्टायनर यांनीच.

‘पॉझिटिव्ह’ आलं माकडावरून
रक्तगटातलं ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ हे ‘आरएच’ घटकावरून ठरतं आणि ही अक्षरं आली ऱ्हीसस माकडाच्या नावातून. या माकडांचं रक्त टोचलेल्या सशांच्या रक्तद्रवाने बहुतेक माणसांच्या पेशींचेही पुंजके केले. लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी हे १९४० मध्ये जाहीर केलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईची प्रतिद्रव्यं पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात, ते यासाठीच.

आणि एक गट मुंबईचा!
लँडस्टायनर यांनी दाखवलेल्या वाटेवर पुढेही शोध लागत राहिले. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अजब रक्तगट जगापुढे आणला. तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण त्या व्यक्तीला ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. कारण ‘ओ’ गटाच्या पेशींवरही असणारा ‘एच’ हा घटक या लोकांकडे नसतो, त्यामुळे त्यांच्या शरीराला तोही परका वाटतो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. अशा माणसाला याच गटाचा दाता लागतो. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो.

शेवटपर्यंत हातात पिपेट
लँडस्टायनर यांच्या रक्तगटांच्या शोधाला नोबेल मिळालं १९३० साली, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी. पुढे निवृत्त झाल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. २४ जून १९४३ रोजी न्यूयॉर्कला काम करता करताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा हातात पिपेट होतं. दोन दिवसांनी ते गेले. त्यांचं चित्र पुढे ऑस्ट्रियाच्या हजार शिलिंगच्या नोटेवर झळकलं.

त्यांचा जन्मदिवस १४ जून, हाच जागतिक रक्तदाता दिन. वय १८ ते ६५ मध्ये असेल, वजन ४५ किलोंहून अधिक असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर जवळच्या रक्तपेढीत जरूर जा. आपला गट नक्की माहीत करून घ्या आणि एक पिशवी रक्त देऊन या. ज्याला ते मिळेल, त्याला तुमचं नाव कळणार नाही. पण त्याच्या शरीराला तुमचं रक्त आपलं वाटेल.