‘ए’ की ‘ॲन’? शब्द देवनागरीत लिहून बघा

‘ए एस.एस.सी. सर्टिफिकेट’, ‘ए एन.ओ.सी.’ आणि दोन ओळी खाली ‘ॲन युनिव्हर्सिटी’. मंगरूळपीरच्या झेरॉक्सच्या दुकानांत टाइप होणाऱ्या इंग्रजी अर्जांत असं काहीतरी हमखास सापडतं. तिन्ही ठिकाणी चूक आहे, पण लिहिणारं पोरगं अभ्यासू आहे. त्यानं शाळेत पाठ केलेला नियम तंतोतंत पाळलाय: ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी ‘ॲन’, बाकी सगळ्यांआधी ‘ए’. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. नियम मात्र आजही बऱ्याच वर्गांत असा अर्धाच सांगितला जातो.

पूर्ण नियम असा, की पुढचा शब्द लिहिताना कुठल्या अक्षरानं सुरू होतो ते बघायचंच नाही. बोलताना तोंडातून पहिला आवाज कोणता निघतो ते बघायचं. स्वर निघाला तर ‘ॲन’, व्यंजन निघालं तर ‘ए’. इंग्रजी स्पेलिंग आवाजाशी इमान राखत नाही, म्हणून तिथे घोटाळा होतो. आपली लिपी बऱ्यापैकी राखते. तेव्हा शब्द देवनागरीत लिहावा आणि पहिलं अक्षर बघावं.

‘युनिव्हर्सिटी’ लिहिलं की समोर ‘य’ आला. य व्यंजन, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. युरियाची बॅग असेल तर ‘ए युरिया बॅग’. ‘वन-वे तिकीट’ इंग्रजीत ‘ओ’नं सुरू होतं, पण देवनागरीत ‘व’ दिसतो, म्हणून तिथेही ‘ए’. उलट ‘अवर’ म्हणजे तास. स्पेलिंगमध्ये पुढे ‘एच’ आहे, पण तो कुणी उच्चारत नाही आणि आपण लिहीतही नाही. ‘अ’ दिसला, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’चं तेच. ‘हॉटेल’मध्ये ‘ह’ ठणठणीत उभा आहे, तिथे ‘ए’. स्टँडवरच्या पाट्यांवरही सराव करता येतो: अकोल्याची गाडी ‘ॲन अकोला बस’, उमरखेडची ‘ॲन उमरखेड बस’, कारंज्याची ‘ए कारंजा बस’ आणि यवतमाळची ‘ए यवतमाळ बस’.

हा प्रकार मराठी माणसाला परका वाटायचं काही कारण नाही. नकार दाखवायला आपण शब्दाआधी ‘अ’ लावतो: शक्य-अशक्य, हित-अहित, योग्य-अयोग्य. पण ‘आदर’ला नुसता ‘अ’ लागत नाही, ‘अनादर’ होतो. उचितचं अनुचित, अधिकृतचं अनधिकृत, आवश्यकचं अनावश्यक. व्यंजनाआधी ‘अ’, स्वराआधी ‘अन्’. पाणिनीनं अष्टाध्यायीत यासाठी सूत्रं दिली आहेत. इंग्रजीतला ‘ए’ बोलण्याच्या ओघात हलका ‘अ’च होतो आणि ‘ॲन’चा ‘अन’ होतो, म्हणजे कानाला दोन्हीकडचा प्रकार जवळपास एकच. अर्थ आणि कूळ वेगळं: आपला ‘अ’ नकाराचा, इंग्रजीतला ‘एक’चा. कारण मात्र सारखं. दोन स्वर एकमेकांवर आदळले की जीभ अडखळते, मध्ये ‘न’ असला की वाट सरळ होते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजीत ‘ए’ला ‘न’ जोडून ‘ॲन’ झालेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘एक’साठी ‘आन’ हा शब्द होता. पुढे व्यंजनाआधी त्यातला ‘न’ गळला आणि स्वराआधी टिकला. या ‘न’ची गल्लतही झाली. ‘ॲप्रन’ हा शब्द मुळात ‘नॅप्रन’ होता. ‘ए नॅप्रन’ ऐकताना लोकांनी तो ‘न’ अलीकडच्या शब्दाचा धरला, आणि ‘ॲन ॲप्रन’ रूढ झालं.

खरी कसोटी लागते ती आद्याक्षरांपाशी, आणि आपले अर्ज तर त्यांनीच भरलेले असतात. इथेही उच्चारच बघायचा. एस.एस.सी., एफ.आय.आर., एन.ओ.सी., एम.ए., ओ.टी.पी. हे सगळे स्वरानं सुरू होतात, त्यांना ‘ॲन’. बी.ए., पी.एच.डी., यू.पी.एस.सी. यांना ‘ए’. एस.टी. बस म्हटलं तर ‘ॲन’. तीच ‘स्टेट ट्रान्सपोर्ट बस’ म्हणून पूर्ण लिहिली, तर ‘ए’. इंग्रजी मुळाक्षरांपैकी ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स या बारांची नावं स्वरानं सुरू होतात. ‘यू’ त्यात नाही.

एक सावधगिरी आपल्याकडे घ्यावीच लागते. गावात एस.टी.ला ‘यष्टी’ म्हणतात, जुनी माणसं एम.ए.ला ‘यम.ए.’ म्हणतात. बोलीत ते शोभतं, पण तसं लिहून ताडलं तर ‘य’ दिसेल आणि उत्तर चुकेल. उच्चार इंग्रजीतला धरायचा. तिथेही क्वचित दोन उच्चार असतात: वनौषधीला ब्रिटनमध्ये ‘हर्ब’ म्हणतात, अमेरिकेत ‘अर्ब’, म्हणून ‘ए हर्ब’ आणि ‘ॲन अर्ब’ दोन्ही बरोबर.

ताडायचा तो लगेच पुढचा शब्द, मग मुख्य नाम कितीही लांब असो. ‘ॲन ॲप्लिकेशन’, पण ‘ए लीव्ह ॲप्लिकेशन’. ‘ए सर्टिफिकेट’, पण ‘ॲन ओल्ड सर्टिफिकेट’. अर्ज दुरुस्त करताना मध्ये एखादं विशेषण घातलं किंवा काढलं, की त्याच्या अलीकडचा ‘ए’ किंवा ‘ॲन’ पुन्हा तपासावा.