हरकती आणि सूचना मागवल्यात, पाठवा की!

सरकारी नोटिशीतलं सर्वात दुर्लक्षित वाक्य कोणतं? ‘नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ आपण ते वाचतो आणि पान उलटतो. पण इंटरनेट आल्यापासून या वाक्यामुळे जगभर बऱ्याच गमतीजमती घडल्या आहेत.

आइसलँडने तर अख्खी राज्यघटनाच फेसबुकवर चर्चेला टाकली. साल 2011. मसुदा लिहिणाऱ्या पंचवीस जणांच्या परिषदेत एक शेतकरी होता, एक पाद्रीही होता. मसुद्याची कलमं तयार होतील तशी ती ऑनलाइन टाकायची आणि लोकांनी त्यावर तुटून पडायचं. चार महिन्यांत मसुदा हातावेगळा! 2012 च्या सार्वमतात मतदान केलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी त्याला होकार दिला. आणि मग? संसदेने तो आजवर मंजूरच केलेला नाही. लोकांनी लिहिलं, लोकांनी पास केलं आणि गाडी अडली ती लोकप्रतिनिधींपाशी.

तैवानची युक्ती मला सगळ्यांत आवडते. 2015 मध्ये उबरवरून टॅक्सीवाले आणि प्रवासी हमरीतुमरीवर आले होते. ‘व्ही-तैवान’ या उपक्रमात ‘पोलिस’ नावाचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं (खाकी वर्दीशी काही संबंध नाही). त्यात उत्तर द्यायचं बटणच नव्हतं! दुसऱ्याचं विधान पटलं, नाही पटलं किंवा सोडून दिलं, एवढंच सांगायचं. नाहीतर स्वतःचं नवं विधान मांडायचं. भांडायची सोयच नाही म्हटल्यावर विमा, परवाना अशा मुद्द्यांवर दोन्ही गटांचं एकमत दिसू लागलं आणि पुढचे नियम त्याच अंगाने गेले. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला हे सॉफ्टवेअर कुणी बसवून देईल का?

फ्रान्सने 2015 मध्ये डिजिटल कायद्याचा मसुदा तीन आठवडे खुला ठेवला. वीस हजारांहून जास्त लोक त्यात उतरले आणि काही नवी कलमं थेट त्यांच्या सूचनांतून आली. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आपले कायदे ‘गिटहब’वर ठेवते, म्हणजे प्रोग्रामर मंडळी जिथे कोड ठेवतात तिथे. 2018 मध्ये एका नागरिकाला त्यात किरकोळ चूक सापडली. त्याने तिथेच दुरुस्ती सुचवली आणि ती स्वीकारलीही गेली.

आता आपल्याकडे या. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो, शिवाय आलेल्या अभिप्रायांचा गोषवाराही प्रसिद्ध करायचा असतो. कागदावर झकास! पण 2022 च्या डेटा संरक्षण विधेयकावर 21,666 सूचना आल्या आणि त्या लोकांना पाहायला मिळाल्या नाहीत. (या मसुद्यात व्यक्तीसाठी सरसकट ‘ती’ हे सर्वनाम होतं. ‘तो’ला पहिल्यांदाच सुट्टी!)

2020 मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला. ज्या गावात प्रकल्प येणार, तिथल्या लोकांनी तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आणायला सांगितलं. मराठी आणि कोकणीही त्यात आल्याच.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. या कायद्याखालचा तपास पोलिस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा, असे मोजकेच बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झालं. बारा हजारांच्या मानाने हे फारच थोडं, असं माझं स्पष्ट मत.

तरीही लिहायचंच. फक्त ‘हा कायदा जुलमी आहे, मागे घ्या’ एवढ्यावर थांबू नका. असे मजकूर गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच बाजूला पडतात. कलमाचा क्रमांक टाका, त्यामुळे नेमकं कुणाचं काय अडेल ते दोन ओळींत सांगा आणि त्या जागी कोणते शब्द हवेत तेही लिहून द्या. मराठीत लिहा, शेवटच्या तारखेच्या आत पाठवा आणि पोच जपून ठेवा.