उसनी शस्त्रे आणि घरचे राज्य

बंडखोरी व कोकेनचा चोरटा व्यापार यांचा बीमोड करण्यासाठी अमेरिकेने दक्षिण अमेरिकेतील कोलंबियास देऊ केलेल्या साहाय्यास आता पाव शतक लोटले आहे. अध्यक्ष पास्त्राना यांनी १९९९ साली ‘प्लॅन कोलंबिया’ आखला. २००० साली अमेरिकेने त्यासाठी सुमारे १.३ अब्ज डॉलर मंजूर केले. पुढील पंधरा वर्षांत एकूण मदत दहा अब्जांच्या घरात गेली. तिचा मोठा वाटा हेलिकॉप्टरे, लष्करी शिक्षण व टेहळणी यांवर खर्च झाला. या व्यवहाराचा जमाखर्च मांडणे आता अगत्याचे आहे.

जमेची बाजू नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९६४ पासून लढणारी ‘फार्क’ ही बंडखोर संघटना मागे रेटली गेली, अपहरणे घटली, २०१६ साली शांतता करार झाला आणि २०१७ साली तिने शस्त्रे खाली ठेवली.

परंतु खर्चाची बाजू विदारक आहे. शत्रूची प्रेते मोजून पराक्रम ठरू लागला, तेव्हा गरीब, निरपराध तरुणांना ठार मारून त्यांना बंडखोर म्हणून दाखविण्यात आले. २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ बळी पडले, असे करारान्वये स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. मृतांच्या मातांनी वर्षानुवर्षे हेच सांगितले होते!

आणि कोकाचे पीक? संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २००० साली ते सुमारे १,६३,००० हेक्टरांवर होते. २०१३ मध्ये ४८,००० वर उतरले. २०२३ मध्ये २,५३,००० वर चढले. विमानांतून फवारलेल्या तणनाशकाने शेतकऱ्याचे धान्यही जाळले. ती फवारणी २०१५ मध्ये थांबवावी लागली.

याचे कारण गूढ नाही. जेथे रस्ता नाही तेथे मका शेतातच कुजतो. कोकाचा व्यापारी मात्र रोकड घेऊन दारी येतो. ‘फार्क’ने सोडलेल्या मुलखात शाळा, न्यायालय व बाजारपेठ पोहोचण्यापूर्वीच नव्या टोळ्या पोहोचल्या.

परकीय साहाय्य सर्वथा त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. तथापि देणाऱ्याने व घेणाऱ्याने यशाचे माप आधी नीट ठरविले पाहिजे. शेजाऱ्याकडून काठी उसनी आणता येते. घरधन्याचे लक्ष उसने आणता येत नाही.