वयातलं अंतर आणि सातबारा

नवरा बायकोपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा असला, की लोक नाना बोलतात. लोकांचं सोडा. आपण पुढचं पाहू.

1873 साली न्यायमूर्ती रानड्यांशी रमाबाईंचं लग्न झालं. ते 31 वर्षांचे, त्या 11 वर्षांच्या. आज 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. 1901 साली रानडे गेले, तेव्हा रमाबाई 38 वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या 23 वर्षं जगल्या. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिक्षण हाती होतं, म्हणून हे जमलं.

जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीनं मोठ्या वयाचा जोडीदार निवडला, तर त्यात वाईट काही नाही. पण त्याच्यामागं आपल्याला बरीच वर्षं काढावी लागतील, हे धरून चाला.

म्हणून आजच घरात बोला. सोयाबीन-तुरीचं शेत कोणाच्या नावावर आहे? नवरा हयात असतानाच, त्याच्या संमतीनं, लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा. बँक खात्याला, विम्याला नॉमिनी कोण? पहिल्या बायकोची मुलं असतील, तर त्यांचाही हक्क असतो. वाटणीचं आताच मोकळेपणानं ठरवा.

हे विचारणं म्हणजे कोणाचं मरण चिंतणं नव्हे. हा संसाराचाच हिशेब आहे, बायांनो.