ब्लूग्रास जॅम

ब्लूग्रास जॅम म्हणजे ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराच्या वादकांनी व रसिकांनी एकत्र जमून, ठरलेल्या कार्यक्रमाविना आणि बहुधा तालमीविना केलेले सामूहिक गायन-वादन होय. असे वादन घराच्या बैठकीच्या खोलीत, ओसरीवर, गावातील दुकानात, चर्चच्या सभागृहात, उपाहारगृहात किंवा संगीत महोत्सवाच्या वाहनतळावर चालते. त्यात सहभागी होणारे बहुतेक लोक हौशी असतात. दिवसभर नोकरी-व्यवसाय करून संध्याकाळी वा सुटीच्या दिवशी ते वाद्य घेऊन एकत्र येतात. ब्लूग्रासमध्ये श्रोता आणि वादक यांतील सीमारेषा पुसट असून हा संगीतप्रकार टिकून राहण्यामागे अशा स्थानिक बैठकींचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

ब्लूग्रास संगीताचे जनक म्हणून बिल मन्रो (१९११–१९९६) ओळखले जातात. त्यांचा जन्म केंटकी राज्यातील रोझीन या खेड्याजवळ झाला. केंटकीला तेथील गवतावरून ‘ब्लूग्रास स्टेट’ असे टोपणनाव आहे. त्यावरून मन्रो यांनी आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हे नाव दिले आणि पुढे १९५० च्या दशकात तेच नाव संपूर्ण संगीतप्रकाराला रूढ झाले. १९३९ मध्ये मन्रो नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात दाखल झाले. १९४५ च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज त्यांच्या वृंदात आले. स्क्रग्ज, गिटारवादक व गायक लेस्टर फ्लॅट, फिडलवादक चबी वाइझ आणि बेसवादक हॉवर्ड वॉट्स यांच्या साथीने १९४८ पर्यंत मन्रो यांनी जे संगीत सादर केले, ते ब्लूग्रासचे प्रमाणरूप मानले जाते.

या संगीताची मुळे मात्र व्यावसायिक रंगमंचापेक्षा गावातील नाचगाण्यांत आहेत. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर पोरका झालेला किशोरवयीन मन्रो आपले मामा पेंडल्टन व्हॅन्डिव्हर यांच्याकडे राहिला. मामा गावोगावच्या नृत्यसभांत फिडल वाजवीत आणि भाचा त्यांना गिटारची साथ करी. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार व फिडलवादकाबरोबरही मन्रो यांनी अशा सभांत साथ केली होती. आपल्या संगीतातील ब्लूजच्या छटेचे श्रेय ते शुल्ट्झ यांना देत. बँजो या वाद्याचे मूळ तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंडमधून आलेल्या लोकांच्या फिडलच्या धुना, चर्चमधील भक्तिगीते आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून ब्लूग्रास घडले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अपलाचियन डोंगराळ भागातील हजारो कुटुंबे कामाच्या शोधात वॉशिंग्टन, बाल्टिमोर, सिनसिनाटी, डेटन, डेट्रॉइट अशा शहरांत गेली. त्यांच्याबरोबर हे संगीतही शहरांतील मद्यगृहांत आणि घरगुती बैठकींत पोहोचले. वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणकामगारांच्या कुटुंबात जन्मलेल्या व बाल्टिमोरच्या कारखान्यांत काम केलेल्या हेझल डिकन्स यांचा प्रवास अशाच बैठकींमधून झाला. पुढे ॲलिस जेरार्ड यांच्याबरोबर त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे पुरुषप्रधान ब्लूग्रासमध्ये स्त्रियांसाठी वाट मोकळी करणारी ठरली.

वाद्ये व त्यांची कामे

ब्लूग्रासमध्ये प्रामुख्याने पाच तंतुवाद्ये वापरली जातात : पाच तारांचा बँजो, मॅन्डोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पोलादी तारांची गिटार आणि बोटांनी छेडला जाणारा डबल बेस. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून जॉश ग्रेव्हज यांच्या वादनामुळे आडवी धरून वाजवायची रेझोनेटर गिटार, अर्थात डोब्रो, हिचाही समावेश झाला. विजेवर चालणारी वाद्ये आणि ढोल जॅममध्ये सहसा नसतात. त्यामुळे ताल राखण्याचे काम तंतुवाद्यांनाच वाटून घ्यावे लागते. चार मात्रांच्या गाण्यात बेस पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर वाजतो, तर मॅन्डोलिनवादक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तारा छेडून लगेच दाबतो. या तुटक आघाताला ‘चॉप’ म्हणतात. गिटार या दोहोंना जोडते. बँजोवादक अंगठा, तर्जनी व मधले बोट या तिघांवर नख्या चढवून सलग द्रुत स्वर काढतो. ही तीन बोटांची शैली स्क्रग्ज यांनी परिपूर्ण केली. गायनात मुख्य स्वराच्या वर ‘टेनर’ व खाली ‘बॅरिटोन’ असे स्वर जोडले जातात.

जॅमची रीत

जॅममध्ये वादक वर्तुळाकार बसतात किंवा उभे राहतात. प्रत्येकाला गाणे सुचविण्याची पाळी आळीपाळीने येते. गाणे सुचविणारा त्याचे नाव व पट्टी सांगतो, लय दाखवतो आणि त्या गाण्यापुरता नेता ठरतो. बहुतेक गाण्यांत पहिला, चौथा व पाचवा अशा तीनच कॉर्ड असल्याने ते गाणे पूर्वी न वाजविलेला वादकही गिटारवादकाच्या डाव्या हाताकडे पाहून साथ करू शकतो. पट्टी बदलताना गिटार व बँजोवादक कॅपो हा चिमटा पडद्यांवर बसवून आपल्या सवयीची बोटे कायम ठेवतात.

कडव्यांच्या मध्ये एकेका वाद्याला स्वतंत्र वादनाची संधी मिळते. तिला ‘ब्रेक’ म्हणतात. नेता नजरेने किंवा मान हलवून पुढच्या वादकाला खूण करतो. ज्याला ब्रेक घ्यायचा नसेल तो मान नकारार्थी हलवून पाळी पुढे देतो आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. गाणे संपविताना नेता एक पाय किंचित उचलतो. ही खूण ओळखून सर्वजण एकाच वेळी थांबतात.

जॅमचे शिष्टाचार लिखित नसले तरी बहुतेक ठिकाणी सारखेच आढळतात. गायक गात असताना किंवा दुसरा वादक ब्रेक घेत असताना आपले वाद्य हळू वाजवावे, वाद्य सुरात लावूनच वर्तुळात यावे, इतरांना न झेपणारी लय किंवा अतिशय अवघड गाणे सुचवू नये, एकाच प्रकारची वाद्ये फार झाल्यास काहींनी थांबावे, आणि बेस एकावेळी एकच असावा, हे त्यांतील प्रमुख संकेत होत. मोठ्याने वाजविण्यापेक्षा नीट ऐकणे हे चांगल्या जॅमवादकाचे लक्षण समजले जाते. नवशिके वर्तुळाच्या बाहेर बसून हलक्या हाताने साथ करतात व सराव झाल्यावर आत येतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी संथ लयीचे स्वतंत्र जॅमही भरतात. बँजोवादक पीट वेर्निक यांनी तर एकट्याने सराव करण्याऐवजी जॅममधूनच शिकण्याची पद्धत विकसित करून तिचे वर्ग सुरू केले.

रसिकांचे दैनंदिन जीवन

ब्लूग्रास रसिकाच्या आठवड्याची आखणी बहुधा एखाद्या ठरलेल्या जॅमभोवती होते. वाद्याची निगा हा त्याच्या दिनक्रमाचा भाग असतो. अमेरिकेतील कडक हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील हवा कोरडी होऊन अस्सल लाकडाची वाद्ये तडकू शकतात. म्हणून वाद्याच्या पेटीत ओलावा राखणारी साधने ठेवली जातात. तारा वेळोवेळी बदलल्या जातात, जुन्या ध्वनिमुद्रणांतील ब्रेक पुन्हा पुन्हा ऐकून बसविले जातात आणि नवी गाणी पाठ केली जातात. जॅममध्ये कागद समोर ठेवून वाजविण्याची पद्धत नसल्याने पाठांतराला महत्त्व आहे.

नोकरी आणि संगीत यांची सांगड घालण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७१ मध्ये वॉशिंग्टन परिसरात स्थापन झालेला ‘सेल्डम सीन’ हा वृंद. त्याच्या संस्थापक सदस्यांत जॉन स्टार्लिंग हे शल्यविशारद, बेन एल्ड्रिज हे गणितज्ञ, टॉम ग्रे हे नकाशाकार, माइक ऑल्ड्रिज हे व्यावसायिक चित्रकार, तर जॉन डफी हे वाद्यांची दुरुस्ती करणारे होते. नोकऱ्या सोडून दौरे करण्याऐवजी त्यांनी आठवड्यातून एक रात्र स्थानिक रसिकांसमोर वाजविण्याचा मार्ग निवडला. ‘क्वचित दिसणारे’ असा श्लेष त्यांच्या नावातच आहे. प्रथम बेथेस्डा येथील ‘रेड फॉक्स इन’ आणि नंतर अलेक्झांड्रिया येथील ‘बर्चमिअर’ या ठिकाणी त्यांनी वर्षानुवर्षे हा क्रम सांभाळला. उत्तम दर्जासाठी पूर्णवेळ व्यावसायिक असणे आवश्यक नाही, हे या वृंदाने दाखवून दिले.

स्थानिक स्थळे

व्हर्जिनियातील फ्लॉइड या लहान गावातील ‘फ्लॉइड कंट्री स्टोअर’ या दुकानात दर शुक्रवारी रात्री वादन होते. सुरुवातीला भक्तिगीते व त्यानंतर नृत्यासाठीचे संगीत असा तेथील क्रम असून उन्हाळ्यात दुकानाबाहेरच्या पदपथावरही वादकांची वर्तुळे जमतात. त्याच राज्यातील हिल्टन्स येथे ए. पी. व सारा कार्टर यांची कन्या जेनेट कार्टर यांनी १९७० च्या दशकात ‘कार्टर फॅमिली फोल्ड’ हे सभागृह उभारले. तेथे शनिवारी रात्री ब्लूग्रास व त्याहून जुने ग्रामीण संगीत सादर होते. नॅशव्हिलमधील ‘स्टेशन इन’ ही बसकी इमारत १९७० च्या दशकापासून ब्लूग्रासचे घर आहे. तेथील रविवारच्या जॅममध्ये नामवंत व्यावसायिक व अनोळखी हौशी वादक शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

महोत्सव

१९५० च्या दशकाच्या मध्यात रॉक अँड रोलच्या लाटेमुळे ब्लूग्रास वृंदांची कामे घटली. या पडत्या काळातून बाहेर पडण्यास महोत्सवांची मदत झाली. सप्टेंबर १९६५ मध्ये कार्लटन हेनी यांनी व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे एका घोड्यांच्या शेतावर भरविलेला महोत्सव हा पहिला बहुदिवसीय ब्लूग्रास महोत्सव मानला जातो. १९६७ मध्ये मन्रो यांनी इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथे स्वतःचा महोत्सव सुरू केला. महोत्सवांमुळे रसिकांना तंबू ठोकून अनेक दिवस एकत्र राहता येऊ लागले आणि मोटारींच्या रांगांमध्ये रात्रभर चालणारे ‘पार्किंग लॉट पिकिंग’ रूढ झाले. रंगमंचाकडे न फिरकता केवळ या वादनासाठी येणारे लोकही अनेक असतात. १९६६ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील रसिकांनी सुरू केलेल्या ‘ब्लूग्रास अनलिमिटेड’ या नियतकालिकाने विखुरलेल्या चाहत्यांना जोडले. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटना स्थापन झाली.

अन्य देशांतील प्रसार

जपानमध्ये ताकाराझुका येथील महोत्सव १९७२ पासून, तर तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात ‘बँजो जंबोरी’ हा महोत्सव १९७३ पासून भरत आला आहे. भाषा वेगळी असली तरी जॅमचे संकेत समान असल्यामुळे परदेशी वादकही वर्तुळात सहज सामावतो. भारतीय संगीताशी ब्लूग्रासचा संबंध मुख्यतः व्यक्तिगत सहयोगातून आला. ब्लूग्रासमधून पुढे आलेले बँजोवादक बेला फ्लेक व बेसवादक एडगर मेयर यांनी मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासमवेत २००९ मध्ये ‘द मेलडी ऑफ रिदम’ आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनाही सोबत घेऊन २०२३ मध्ये ‘ॲज वी स्पीक’ हे ध्वनिमुद्रिकासंच सादर केले. दुसऱ्या संचाला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आव्हाने

२००० च्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या संगीतामुळे ब्लूग्रास व जुन्या ग्रामीण संगीताला नवा श्रोतृवर्ग मिळाला. तरीही स्थानिक जॅमपुढील अडचणी कायम आहेत. अनेक ठिकाणी सहभागी वादकांचे वय वाढत आहे. शहरांतील जागांचे भाव चढल्याने लहान स्थळांवर दबाव येतो. ‘स्टेशन इन’भोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. बँजोचे आफ्रिकी मूळ व शुल्ट्झ यांच्यासारख्यांचे योगदान असूनही ब्लूग्रासच्या वर्तुळात कृष्णवर्णीयांचे प्रमाण दीर्घकाळ अत्यल्प राहिले. हे बदलावे म्हणून २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेशी संलग्न प्रतिष्ठानाने शुल्ट्झ यांच्या नावे निधी स्थापन केला.

२०२० मधील कोविड-१९ साथीच्या काळात जॅम बंद पडले, तेव्हा प्रत्यक्ष सहवासाचे महत्त्व विशेष जाणवले. तीन मीटर अंतरावरील वादकाचा स्वर सुमारे ९ मिलिसेकंदांत कानी पडतो, मात्र आंतरजालावरील दृक्‌श्राव्य भेटीत होणारा विलंब याच्या कित्येक पट असतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरचा चॉप इतक्या विलंबाने पोहोचला तर ताल कोलमडतो. त्यामुळे त्या काळात बहुतेकांना आपला ध्वनी बंद ठेवून दुसऱ्या एकाच वादकाला साथ करावी लागली. एकमेकांचे हात दिसतील व श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर बसणे ही जॅमची केवळ प्रथा नसून या संगीताची तांत्रिक गरजही आहे.